ताकसांडे काकांचे पोट्टे

ताकसांडे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या न्हाणीच्या मागं उकिडवे बसले होते.

वणीच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून बदली होऊन मला तीनच दिवस झाले होते. राजूरच्या रस्त्याला लागून प्लॉट पाडून वसलेला एक जुना ले-आउट आहे, तिथं मी घर भाड्यानं घेतलं होतं. सामान अजून खोक्यांत होतं. सकाळी साडेसहाला मागचं दार उघडलं तर एक उंच, काटकुळा म्हातारा भिंतीशी बसून माझ्या अंगणातली माती उकरत होता. पांढरा पायजमा, खाकी शर्ट, डोक्याला रुमाल. दार वाजल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"कोण हो तुम्ही? काय करताय इथं?"

"पोट्टे काढून राह्यलो," ते म्हणाले.

पोट्टे म्हणजे पोरं. मी दचकून इकडंतिकडं पाहिलं. तेव्हा त्यांनी हात वर करून दाखवला. मुठीत हिरवीगार, वीतभर उंचीची सहा-सात रोपटी होती आणि प्रत्येकाच्या बुडाशी मुळाचा पांढरा टवका होता.

"हे पाहा. आमच्या झाडाचे हायेत. खालून-खालून येतात अन् कुठंबी डोकं काढतात. तुमच्या इथं सात निघाले. जयभीम मॅडम. मी ताकसांडे, दोन घरं सोडून राहतो."

"विचारून तरी यायचं होतं."

ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवून जरा विचार केला आणि म्हणाले, "हे खरं हाये तुमचं. आधीचे किरायेदार म्हणत, येत जा न बाप्पा, विचारता कायले. म्हणून सवय लागली."

दुसऱ्या दिवसापासून ते पुढच्या फाटकाशी उभे राहून कडी वाजवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, येऊ का?" मी आतून 'या' म्हणेपर्यंत पाय आत टाकत नसत. मी वणीला साडेसहा वर्षं काढली. पावसापाण्याच्या दिवसांत ही कडी माझ्या घड्याळासारखी वाजायची.

त्यांच्या अंगणातलं झाड आकाशनिंबाचं होतं. काही जण त्याला बुच म्हणतात. दुमजली घराच्याही वर गेलेलं, सरळ, खवल्याखवल्यांच्या सालीचं. दिवाळीच्या सुमारास त्याला लांब दांड्यांची पांढरी फुलं यायची आणि सकाळी रस्त्यावर त्यांचा सडा पडलेला असायचा. ले-आउटमधल्या बाया ती वेचून दोऱ्याशिवाय, दांड्यात दांडा गुंफून वेण्या करत. वासाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार मुळांबद्दल होती. आकाशनिंबाच्या मुळ्या जमिनीच्या थोड्याच खालून लांबवर पळतात आणि वाटेत मिळेल त्या जागी फुटवा वर काढतात. कुणाच्या तुळशीच्या कुंडीशेजारी, कुणाच्या नळाखाली, कुणाच्या फरशीच्या सांध्यातून. अकरा घरांत मिळून रोज निघायचे.

काका ते कधी कापत नसत. त्यांचा यावर फार कटाक्ष होता. एकदा मी मदत म्हणून सुट्टीच्या दिवशी विळ्यानं चार-पाच छाटून ठेवले, तर ते नाराज झाले.

"कापाचं नाही मॅडम. कापलं का एकाचे चार होतात. त्याले वाटते, आपल्याले मारून राह्यले, मंग थो जास्ती जोर करते." मग त्यांनी मला शिकवलं. आदल्या संध्याकाळी त्या जागेवर तांब्याभर पाणी टाकायचं. सकाळी बोटांनी माती बाजूला करत फुटवा मुळीला जिथं चिकटलाय तिथपर्यंत जायचं, आणि तिथं अंगठा लावून मुरगाळून टवक्यासकट उपटायचं. "टवका आला पाहिजे. टवका नाही आला, तर काम झालं नाही."

हे हात खाणीतले होते. राजूरच्या भुयारी खाणीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. खाणीच्या छताला लाकडाचे टेकू देणाऱ्या टोळीत ते होते. कोळसा काढणारे पुढं जायच्या आधी हे लोक पुढं जाऊन लोखंडी दांड्यानं छत ठोकून पाहायचे. आवाज खणखणीत आला तर छत ठीक, बद्द आला तर सुटलेलं. त्या नोकरीनं त्यांना एक खोड लावली होती. कुणाच्याही घरात बसायच्या आधी ते हातातल्या काठीनं छत दोनदा ठोकत. छत उंच असलं तर भिंत. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी ठोकलं, मान तिरपी करून ऐकलं आणि म्हणाले, "ठीक हाये. बसा." जणू घर त्यांचं आणि पाहुणी मी.

चहा एकच कप, बिनसाखरेचा. बोलणं मोजकं. पण बसणं मात्र लांब. कप रिकामा झाल्यावरही ते तो दोन्ही हातांत धरून बसून राहत, आपण काही सांगू याची वाट बघत असल्यासारखे. मला तेव्हा त्याचा अर्थ कळत नव्हता. मला ड्यूटीला उशीर होत असे, आणि खरं सांगायचं तर मनातून मी चिडतही असे.

अर्थ मला दुसऱ्या पावसाळ्यात कळला. त्या दिवशी झड लागली होती, ले-आउटमध्ये गुडघाभर चिखल होता आणि दवाखान्यात माझी साप्ताहिक सुट्टी होती. काका भिजून आले. मी टॉवेल दिला, चहा दिला, आणि सहज विचारलं, "काका, हे काम तुम्ही कधीपासून करता?"

"चार वर्सं झाले. त्याच्या आधी विश्वासची आई करे."

विश्वास हा त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. विश्वासची आई म्हणजे सुमनबाई. त्या वारल्याचं मला माहीत होतं, एवढंच.

"मले तर माहीतच नव्हतं मॅडम," ते म्हणाले. आणि मग त्या माणसानं, जो एरवी दहा शब्दांत दिवस काढायचा, मला सगळं सांगितलं.

नोकरी असताना पाळ्यांमुळं ते दिवसा झोपायचे. निवृत्तीनंतरही नऊच्या आत उठायची सवय लागली नाही. सुमनबाई मात्र पहाटेच उठून बाहेर जायच्या आणि आठ-साडेआठला परत यायच्या. त्यांना शुगर होती. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं. काकांना वाटायचं, बाई फिरायला जाते. हातापायाला माती का लागलेली असते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर सहा-सात वर्षांनी, माघात, त्या तीन दिवसांच्या तापानं गेल्या.

"जुलैमंदी शेजारच्या गुंडावार वहिनी फाटकात आल्या. म्हणाल्या, भाऊ, तुमचे पोट्टे आले. मी तसाच उठलो. मले वाटलं, विश्वास आला पुण्याहून, लेकरं घेऊन. चप्पल नाही घातली. रस्त्यावर जाऊन पाहतो तं कोणी नाही. म्हटलं, कुठं हायेत? तं त्यायनं मले घरात नेलं अन् मोरीजवळ बोट दाखवलं. दोन फुटवे उभे होते. मंग त्याच म्हणाल्या, सुमनताई रोज याच्या, पोट्टे काढाले. तुम्हाले म्हाईत नाही का?"

कप त्यांच्या हातात तसाच होता.

"पोट्टे हा शब्द तिचा हाये. माहा नाही."

त्या दिवशी ते अकराही घरं फिरले. आणि प्रत्येक घरात त्यांना सुमनबाई थोडी थोडी भेटली. घरी बिनसाखरेचा चहा पिणारी त्यांची बायको गुंडावारांकडं दोन चमचे साखर मागून घ्यायची आणि 'आमच्या यायले सांगू नका' म्हणायची. कोपऱ्यावरच्या घरात कळलं की अवेळी खाणीचा भोंगा झाला की ती असेल तिथं थांबायची आणि कुणाच्या तरी भिंतीला हात टेकून, कुणी बातमी आणेपर्यंत तशीच उभी राहायची. आठव्या घरातली कॉलेजातली मुलगी म्हणाली, काकूंना मी स्कूटी शिकवली होती, पहाटे, दोन महिने. खूप छान चालवायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, बस झालं.

"स्कूटी!" काका म्हणाले आणि एकदम हसले. मी त्यांना तसं हसताना तेवढं एकदाच पाहिलं. "माही बायको स्कूटी चालवे! पस्तीस वर्सं एका घरात राह्यलो मॅडम, अन् मले हे दुसऱ्याच्या घरी कळते."

म्हणून ते रोज जात. फुटवे काढत आणि बसत. विचारत नसत, कारण विचारायची त्यांना सवय नव्हती. एखाद्या बाईला काही आठवलं तर ती सांगायची. पण अकरा घरांतल्या आठवणी त्या किती असणार? वर्ष-दीड वर्षात त्या संपल्या. तीच साखर, तीच स्कूटी पुन्हा पुन्हा होऊ लागली, मग तीही थांबली. काका मात्र जात राहिले. मी तर सुमनबाईंना पाहिलंही नव्हतं, तरी ते माझ्याकडं कप धरून बसत.

विश्वास त्यांना एकदा पुण्याला घेऊन गेला होता. अठरा दिवसांत परत आले. मी विचारलं, "काय झालं काका, करमलं नाही?"

"लेकरं चांगली हायेत. सून चांगली हाये. अकराव्या माळ्यावर घर हाये," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "अकराव्या माळ्यावर कोणी कोणाची कडी वाजवत नाही."

माझ्या चौथ्या वर्षी गुंडावारांच्या घरी ते प्रकरण झालं. गुंडावारांनी पोर्चमध्ये नवी फरशी बसवली होती. मुळीनं ती उचलली. त्यांनी ती बदलली, तर सहा महिन्यांत पुन्हा उचलली. मग त्यांच्या थोरल्या मुलानं कुणाच्या तरी सल्ल्यानं सगळे फुटवे बुडाशी कापले आणि कापलेल्या जागी ब्रशनं तणनाशक लावलं. आठवड्याभरात फुटवे काळे पडले. तीन आठवड्यांत काकांच्या अंगणातल्या झाडाची त्या बाजूची मोठी फांदी पिवळी पडली आणि पाहता पाहता वाळली.

काका गुंडावारांकडं गेले तेव्हा मी तिथंच होते. गुंडावार वहिनींचा रक्ताचा रिपोर्ट द्यायला गेले होते. काका नेहमीसारखे आत आले, पण छत ठोकलं नाही आणि बसलेही नाहीत.

"औषध दिलं का जी?"

थोरला मुलगा म्हणाला, "काका, फक्त आमच्या हद्दीतल्यांना लावलं. तुमच्या झाडाला हात नाही लावला."

"अरे, हद्द वर हाये. खाली एकच मुळी हाये. इकडं दिलं का तिकडं जाते."

"पण मग आम्ही काय करायचं? फरशी पाहा आमची. दोनदा बदलली."

"मी येतो न रोज."

गुंडावार स्वतः आतून आले. भला माणूस. आवाज न चढवता, अगदी आपुलकीनं त्यांनी विचारलं, "येता, मान्य आहे. पण भाऊ, तुम्ही किती दिवस येणार?"

वहिनींनी चहा ठेवते म्हटलं. काका म्हणाले, "आज नको," आणि निघून गेले.

पुढच्या मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं. ती वाळलेली फांदी मोडून विजेच्या तारांवर पडली. आकाशनिंबाचं लाकूड तसंही ठिसूळ. तार तुटून रस्त्यावर लोंबकळत होती आणि पाच मिनिटांपूर्वी तिथं पोरं क्रिकेट खेळत होती. दीड दिवस ले-आउटमध्ये लाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झाडाखाली जमले. कुणी भांडलं नाही. सगळे हळू आवाजात बोलत होते, मयताच्या घरी बोलतात तसं. त्याचाच जास्त त्रास होत होता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग काठीनं खोड ठोकलं. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, वाकून बुडाशी. कान लावून ऐकलं.

"बद्द बोलून राह्यलं," ते म्हणाले. "पाडा."

झाड पाडायला दोन दिवस लागले. पहिला दिवस ते खुर्ची टाकून समोर बसले. दुसऱ्या दिवशी घरात होते. मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, खोड राहिलंय. "बरं," म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले. भाजीत मीठ नव्हतं, हे मला घरी येऊन जेवताना कळलं. त्यांनी पानात काही ठेवलं नव्हतं.

सगळ्यांना वाटलं, संपलं. पण त्या पावसाळ्यात फुटव्यांनी जो उच्छाद मांडला तो आधी कुणी पाहिला नव्हता. झाड गेलं, मुळ्या जिवंत होत्या. नालीतून, रस्त्याच्या कडेनं, बुद्धविहाराच्या ओट्याखालून, जिथं कधीच आले नव्हते तिथूनही आले. माझ्या एकट्या अंगणात एका सकाळी एकतीस. काकांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं. ते पाचलाच निघायचे, आणि अकरा वाजले तरी घरं संपायची नाहीत. मातीत बसले की उठताना त्यांना भिंत धरावी लागे. मी म्हटलं, गडी लावू. नाही म्हणाले. गड्याला टवका काढता येणार नाही.

एक दिवस माझ्या नळाशी फार सुरेख फुटवा आला होता. सरळ, तुकतुकीत, दोन फुटांचा. मी म्हटलं, "काका, हा एक राहू द्या. मी मोठ्या कुंडीत लावते. नाहीतर मागं गावाबाहेर मोकळी जागा आहे, तिथं लावू. सुमनकाकूंची आठवण राहील."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी काहीतरी चुकीचं बोलले हे मला लगेच कळलं.

"मॅडम, तिनं इतक्या वर्सांत एकबी ठेवला नाही. एकबी. लोकायले त्रास होऊ नये म्हणून बिचारी अंधारात उठे. अन् मी आता ठेवू? कायले? मले बरं वाटावं म्हणून?"

त्यांनी खाली बसून माती सारली, अंगठा लावला आणि तो फुटवा उपटला. टवका नीट आला का, हे उलटंपालटं करून पाहिलं.

दोन पावसाळे लागले. दुसऱ्या वर्षी निम्म्यानं कमी निघाले, आणि सरते शेवटी आठवड्यात एखादा. दरम्यान ले-आउटमध्ये पेव्हर ब्लॉकची लाट आली होती. एकानं अंगणात बसवले, मग सगळ्यांनीच. माझ्या घरमालकानंही बसवले. मी काकांना आनंदानं सांगितलं, "आता तुम्हाला माझ्याकडचा त्रास नाही." ते ब्लॉकवरून हलके चालले, काठी एकदा टेकवली आणि म्हणाले, "चांगलं बसवलं." त्या दिवशी 'येऊ का' म्हणायला त्यांच्याकडं काही कारण उरलं नव्हतं, आणि ते मी काढून घेतलं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात एकही निघाला नाही. तरी पहिले काही दिवस ते फिरले. फाटकाबाहेरूनच विचारायचे, "काही निघालं का जी?" आतून लोक खुशीनं सांगायचे, "नाही काका! आता काही नाही!" पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ले-आउटच्या लोकांनी त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. गुंडावारांनीच पुढाकार घेतला होता आणि ते मनापासून बोलले. मग काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माईकपाशी गेले.

"काम झालं," ते म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर त्यांची कडी वाजली नाही. आमच्या दोघांत दोन घरांचं अंतर होतं. मी जायला हवं होतं. रोज येताजाता त्यांच्या दाराकडं नजर जायची. ते खुर्चीत बसलेले दिसायचे. मी हात करायचे, ते हात करायचे. रविवारी जाऊ असं म्हणायचे आणि रविवारी कपडे, भाजी, झोप. दोनदा गेले. दोन्ही वेळा ते इतक्या लगबगीनं उठले, स्टोव्हशी गेले, कप शोधू लागले, की मला तिसऱ्यांदा जायचा धीर झाला नाही. वर्षअखेर माझी बदली उमरखेडला झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, तिथल्या घराचं छत कसं आहे. मी म्हटलं, अजून पाहिलं नाही. "पाहून घ्या," म्हणाले.

परवाच्या हिवाळ्यात मी उमरखेडच्या बसस्टँडवर बहिणीला गाडीत बसवून परत निघाले होते. दुपारचा दीड वाजला असेल. बाकावर ताकसांडे काका बसले होते. अंगात स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. मला आधी खरंच वाटेना.

"काका? तुम्ही इथं कसे?"

"अरे मॅडम!" ते उठू लागले. मी त्यांना बसवलं.

"कुणाकडं आला होता?"

"कोणाकडं नाही." ते जरा ओशाळल्यासारखे हसले. "पंच्याहत्तरच्या वरच्यायले एसटी फुकट हाये न आता. मंग बसतो. परवा पांढरकवड्याले गेलतो. त्याच्या आधी माहूरले. आज पहाटेच निघालो, यवतमाळले गाडी बदलली, अन् इकडची लागली होती, तं बसलो. आता दोनची निघते, तिनं वापस."

"इतक्या लांब? नुसतं?"

"गाडीत लोक बोलतात जी. कोणी लग्नाले चाललं, कोणी कोर्टात चाललं. बाया तं सगळंच सांगतात." त्यांनी पिशवी सारखी केली. "वेळ बरा जाते."

मी म्हटलं, "घर जवळच आहे काका. चला, जेवून जा. उद्या सकाळी जा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, हो म्हणतील. मग त्यांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. तो दवाखान्यातून दुसऱ्यांदा वाजत होता. माझी जेवणाची सुट्टी संपली होती. "नाही," ते म्हणाले, "तुमची ड्यूटी हाये." मी पुन्हा एकदा म्हटलं, पण एकदाच.

यवतमाळची गाडी फलाटाला लागली. ते चढले आणि मधल्या रांगेत खिडकीशी बसले. पिशवी त्यांनी आधी शेजारी ठेवली, मग लगेच उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडं आणखी सरकून बाजूची जागा मोकळी केली. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाकडं ते मान वर करून पाहत होते. एक बाई लेकराला घेऊन आली, पुढं गेली. दोन कॉलेजची मुलं मागं गेली. कंडक्टरनं दार ओढलं आणि घंटी दिली. गाडी वळण घेऊन रस्त्याला लागली, तोवर त्यांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.